डाव्या चाकाची कडी

होटगी,
ता. १७ नोव्हेंबर २०२४

चि. गुरुशांत यास बसप्पामामाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. मामीचे गुडघे थंडीत दुखतात. तुझ्या वडिलांनी, दाजींनी, यंदा ज्वारी लवकर पेरली, उगवण चांगली आहे. पुण्यात तुझ्या जेवणाचे हाल होत असतील.

तुझी छोटी जीप तीन वर्षं माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. वैरागच्या एकाला तिच्या मागच्या चाकांचे एक्सल शाफ्ट हवे होते, दाजी देतो म्हणाले. सोमवारी काढायला घेतले. ऑइल सोडलं, ड्रम उतरवला, मागच्या पत्र्याचे चार नट खोलले. उजवा शाफ्ट हटेना. पुलर लावून दहा-बारा ठोके दिले, तेव्हा बेअरिंगसकट आला.

डावा हातानेच आला.

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तू गाडी आणलीस. डावं बेअरिंग वाजत होतं, ते मी बदललं. बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवणारी कडी एकदा उतरवली की टाकून द्यायची, नवीच तापवून बसवायची. सात रस्त्याच्या दुकानात ती दुसऱ्या दिवशी मिळणार होती. पण नवमीला आमची हत्यारं पूजेत. पाने, हातोड्या धुऊन पाटावर मांडायच्या होत्या, आणि पूजेतलं हत्यार उचलायचं नाही हा वडिलांपासूनचा नेम. मी जुनीच कडी ठोकून बसवली आणि सिद्धेश्वराचं नाव घेतलं. देवाने असला नेम मागितला नसता, असं आता वाटतं.

तुझी आई, माझी अक्का, म्हणाली होती, "बसू, हुतंय न्हवं दसऱ्यापातुर? न्हायतर यष्टीनं जातो की."

"यष्टीत कशाला धक्के खाती? तुजा भाऊ मिस्त्री हाय."

"लई मोटा मिस्त्री!" म्हणून हसली.

दसऱ्याला तुझ्या जीपमधून जाताना वाटेतच ती गेली. लोक म्हणाले, पोरगं सुसाट होतं, मोरीवर आदळलं म्हणून चाक निखळलं. पोलिसांनीही तसाच गुन्हा तुझ्यावर लावला. तू दवाखान्यात मला सांगत होतास, "मामा, चाक आधी गेलं." मी मान खाली घातली. मला तेव्हाच शंका आली होती. म्हणून ताडपत्री टाकली.

गुरुशांत, चाक आधीच गेलं होतं. कडी शाफ्टवर चार बोटं सरकलेली आहे; ती सरकली की शाफ्ट चाकासकट बाहेर येतो. तिच्यावर ती उतरवताना लागलेल्या माझ्या छिन्नीची खूण आहे, म्हणजे ती जुनीच. तुझी चूक नव्हती.

काल ती कडी दाजींना दाखवली. बराच वेळ हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "तीन वरीस म्या पोराचा फोन उचलला न्हाय. आन् तू रोज माज्या वसरीवर चा पीत हुतास की रं."

मी कडी फडक्यात बांधून परत आणली.

हे पत्र तुझ्या वकिलाला दाखव. तारखेला मी कोर्टात येऊन हेच सांगेन, कडी जपून ठेवली आहे. दाजी तुला फोन करतील. तो घे. माझा आला तर नाही घेतलास तरी चालेल.

तुझ्या आईचा भाऊ,
बसप्पा