अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

१० फेब्रुवारी १९५७, रविवार

दवाखान्यात दादा आजही खाटेवर भिंतीकडे तोंड करून. आई डबा घेऊन बसली, त्यानं झाकणसुद्धा उघडू दिलं नाही. डॉक्टर म्हणतात, एक फुफ्फुस फार बिघडलंय, ऑपरेशन करावंच लागेल. दादा नकोच म्हणतो. "आहे तसा राहू दे मला." क्षय झाला, बी.एस्सी. अर्धी सुटली, तेव्हापासून हे असंच. कासारवाडीला घरी परतेपर्यंत आईनं तो भरलेला डबा मांडीवरच धरून ठेवला.

१२ फेब्रुवारी

शाळेत मुलींना संख्यांचे वर्ग शिकवताना दादाची गंमत आठवली. १२३३. मधोमध तोडा — १२ आणि ३३. त्यांचे वर्ग १४४ आणि १०८९. बेरीज? पुन्हा १२३३! कॉलेजातून आला की मला असलं काहीतरी दाखवायचा. म्हणायचा, याहून मोठे आकडेही असणार, कुणीतरी शोधायला हवेत.

मी शोधते.

१९ फेब्रुवारी

शेवटचे चार अंक धरायचे, त्यांच्या आधीचे शोधायचे. जमत नाही. भाकरी करपली, आईची बोलणी खाल्ली.

२६ फेब्रुवारी

सापडला! ५८८२३५३.

शेवटचे चार अंक तोडले की ५८८ आणि २३५३. ५८८चा वर्ग ३,४५,७४४. २३५३चा ५५,३६,६०९. बेरीज ५८,८२,३५३ — तोच! पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शाळेत हेडबाई सावित्रीबाईंनी स्वतः फळ्यावर मांडलं आणि सगळ्यांना सांगितलं, हा आमच्या दुर्गाबाईंचा आकडा. बाबांना वर्ग-बिर्ग कळत नाही, पण त्यांनी तो पाठ केला आणि पिंपरीच्या कारखान्यात शिफ्टभर लोकांना ऐकवला. माझे पाय जमिनीवर नाहीत.

३ मार्च, रविवार

दादाला सांगितलं. डोळे मिटलेले. वाटलं, झोपला. पण ओठ हलत होते.

"वर्गांच्या शेवटी चार आणि नऊ, म्हणजे बेरजेच्या शेवटी तीन," म्हणाला. "बरोबर आहे." मग सावकाश कूस वळवून माझ्याकडे पाहिलं. "दुर्गे, तू शोधलास? एकटीनं?"

हो म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या भिमाजींना त्यानं हाक मारून सांगितलं, ही माझी धाकटी बहीण. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज खाटेपलीकडे गेला. आईनं डबा पुढं केला, त्यानं घेतला.

१० मार्च, रविवार

दादा उशीला टेकून बसलेला! आम्ही पोचताच म्हणाला, ५८८ दहा हजारांतून वजा कर. ९४१२. आता त्याच्यापुढं तुझं २३५३ लिही. ९४१२२३५३. कर वर्ग.

तिथंच बाकावर बसून केले. ८,८५,८५,७४४ अधिक ५५,३६,६०९. बेरीज ९,४१,२२,३५३. हाही तसलाच! माझ्या आकड्याला जुळा भाऊ आहे, आणि तो दादानं पडल्या पडल्या, नुसता मनात शोधला. क्षणभर हेवा वाटला. मग माझाच ऊर भरून आला.

१३ मार्च

बाबा शिफ्ट सुटल्यावर परस्पर दवाखान्यात गेले होते. दादा त्यांना म्हणाला, "याच्या पुढचा आकडा फार मोठा असणार. शोधायला वेळ लागेल. डॉक्टरांना सांगा, मी ऑपरेशनला तयार आहे."