एका ओढीत सुटणारी शिवण

बाबा,

तुमची, माझी आणि दाभण धरून जगलेल्या आपल्या सगळ्या माणसांची एकच तक्रार होती. लोक पोत्यातलं धान्य पाहतात, शिवण कोणी पाहत नाही. अकोल्याच्या धान्यबाजारात तुम्ही जन्मभर पोती शिवलीत. व्यापारी यायचे, तुरीत हात घालायचे, दाणा दाताखाली फोडून पाहायचे. ज्या सुतळीच्या भरवशावर तो सगळा माल हजार कोस जायचा, तिच्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही. या एका गोष्टीवर मी उभ्या वऱ्हाडात भाषणं केली. नांदगाव खंडेश्वरच्या चौकात केली, मोर्शीला संत्र्याच्या मंडीत ट्रॉलीवर उभं राहून केली. आज माझ्यासमोर माईक नाही. वलगावच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये बसले आहे, आणि समोर दोन लाकडी घोड्यांवर एका विमानाचा डावा पंख आडवा ठेवला आहे.

हसू नका, विमान खरंच आहे. दोन माणसांचं, नाकावर एकच पंखा असलेलं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेलं. एका बंद पडलेल्या क्लबच्या मागे वर्षानुवर्षं धूळ खात पडलं होतं. ट्रकवर घालून आणलं तेव्हा निम्मं गाव फाटकाशी जमलं होतं. एक म्हातारी म्हणाली, "काय वं मॅडम, जमिनीवरचे लोक आयकत नाहीत म्हून आता वरून भाषन देता का?" मी म्हटलं, "हो मावशी, आणि तुम्हाला माझ्या शेजारी बसवते." ती पदर तोंडाला लावून जी हसली, ते हसू अजून शेडच्या पत्र्यात कुठेतरी अडकून आहे असं मला वाटतं. तीन वर्षं झाली. मोर्शीचे एक मिस्त्री माझ्या जोडीला आहेत. आयुष्यभर त्यांनी ट्रॅक्टर उघडले, आता पुस्तक समोर ठेवून हे उघडतात. गंजलेल्या नळ्या आम्ही बदलल्या, इंजिन नागपूरहून नवं करून आणलं. माझे पाय खालच्या पायपट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते म्हणून पट्ट्या चार बोटं जवळ घेतल्या. उंची तुमचीच घेतली आहे ना मी.

सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीतून ऊन येतं आणि पंखाच्या कापडातून आरपार जातं. तेव्हा आतल्या फासळ्या दिसतात, पाण्याखाली मासा दिसावा तशा. वार्निशचा गोडसर वास असतो, बाहेर कडुनिंबावर पोपट असतात, आणि मला ते दुसरं विमान दिसतं, लहानपणी अकोल्याजवळ शिवणी गावच्या धावपट्टीवर पाहिलेलं. तुमची सायकल. मी पुढच्या दांडीवर, पायाला मुंग्या आलेल्या. तारेच्या कुंपणापाशी एक छोटं विमान उभं आहे आणि पहारेकरी बिडी पेटवण्यात गुंतला आहे. तुम्ही तारेतून हात घालता आणि पंखाच्या टोकाला लावता. तुमचा चेहरा असा होतो, जसा मी आधी कधी पाहिला नव्हता. "हे त कापड हाय वं!" तुम्ही म्हणता. मग बोट पुढे सरकतं, पट्टीखालच्या बारीक उंचवट्यावर थांबतं. "अन् शिवेल हाय. पोरी, हे शिवेल हाय." पहारेकरी ओरडतो, "ए, हात नको लावू!" तुम्ही हात काढता, पण परतीच्या वाटेवर सायकल इतकी हळू चालवता की बैलगाड्या आपल्याला मागे टाकून जातात. गावात शिरताना एवढंच बोलता, "कोनंतरी दाभन धरलंच असन तिथं."

त्या वाक्यासाठी मी हे विमान घरी आणलं. दुसरं काही कारण नाही, कोणी विचारलं तर मी पन्नास सांगते.

दाभण तुमचंच आहे. ते तुम्ही मला कधी दिलं ते आठवतं का? शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले होते. भाषणात मी तुमचे हात दाखवले होते, सुतळीने कापलेले, ताग भरलेले. "माझे वडील रोज रक्ताने पोती शिवतात," असं म्हटलं आणि अख्खं सभागृह रडलं. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे होतात, हे मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर हात धुतलेत, चुलीपाशी बसलात, आईने वाढलेल्या भाकरीला हात लावला नाहीत. "माह्या हाताइसाठी लोकायले काहून रडवलं वं? मी रडलो का कधी? मले काम येते, ते काहून नाही सांगितलं?" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बाजारात नेलंत, हातात दाभण दिलंत आणि तुमची ती शिवण शिकवलीत. फासातून फास, फासातून फास, शेवटी एक टोक मोकळं. वर पाहून म्हणालात, "आता हे टोक ओढ." मी ओढलं आणि सरसर करत पोत्याचं सगळं तोंड उघडलं. "हमालाचे नखं तुटत नाहीत, पोतं फाटत नाही," तुम्ही म्हणालात. "हे सांग लोकायले."

डावा पंख मी त्याच शिवणीने शिवला. कापड फासळ्यांना बांधून घ्यावं लागतं, वरून खाली, खालून वर. पुढच्या जाड भागाला लांब सुई, मागच्या निमुळत्या भागाला तुमचं दाभण. मिस्त्री पंखाखाली बसून सुई परत द्यायचे आणि कुरकुरायचे, "ताई, पुस्तकात गाठ येगळी दाखोली हाय. हे इमान हाय, तुरीचं पोतं नोय." मी म्हटलं, "मिस्त्री, पुस्तक लिहिणाऱ्याने माझा बाप पाहिला नव्हता." भाषणात टाळी पडते अशा वाक्याला. इथे पोपट उडाले फक्त.

मागच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. मोठा सभ्य माणूस. शिवणीवरून बोट फिरवत पूर्ण पंखाला चक्कर मारली. "फार सुंदर आहे. कोणाची?" मी म्हटलं, "वडिलांची." त्यांनी विचारलं, "आणि वर असताना एक टाका तुटला, तर?" त्यांनी एका फासळीचं टोक सोडवलं, माझ्या हातात दिलं. मी ओढलं. सरसर करत सगळी शिवण सुटली, कापड फासळीवरून अलगद उचललं गेलं, वारा भरल्यासारखं. "पंखाला प्रत्येक गाठ एकटी उभी राहिली पाहिजे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "एक गेली तरी दुसरीने धरायचं. हे असं मी उडू देणार नाही. शनिवारी परत येतो."

तो दिवस वाईट गेला. तुमची शिवण आभाळात न्यायची, एवढ्यासाठी तीन वर्षं घातली होती, आणि तिथे ती चालत नव्हती. दुसऱ्या दिवशी उसवायला बसले. मिस्त्री ब्लेड घेऊन आले होते, म्हणाले दोन दिवस जातील, कापडही थोडं कापलं जाईल. मी ब्लेड बाजूला ठेवलं. एक टोक ओढलं, सरसर. दुसरं ओढलं, सरसर. चहा निवायच्या आत जवळजवळ सगळा पंख मोकळा झाला, कापडाला ओरखडा नाही. मिस्त्री पाहतच राहिले. "मानलं बाप्पा तुमच्या बाबाले," ते म्हणाले. "चूक झाली त दुरुस्त करू देते हे शिवन." बाबा, शिवणीकडे पाहून कोणी तुमचं नाव घेतलं, ते हे पहिलं.

मोकळ्या फासळ्यांवर आता पुस्तकातल्या गाठी मारते आहे, एकेक, तुमच्याच दाभणाने. तुम्ही आहात तिथे टपाल जात नाही, म्हणून हे पत्र पंखात ठेवावं असं मनात होतं. मिस्त्रींनी मान हलवली. पंखात सुटं काही ठेवायचं नसतं म्हणे. मग ते इथेच, अवजारांच्या पेटीत राहील.

आणि एक. त्या रात्री चुलीपाशी मी तुम्हाला शब्द दिला होता की पुन्हा तुमच्या हातांवर कोणाला रडवणार नाही. तो पाळला नाही. ते रक्ताचं वाक्य मी चाळीस वर्षं वापरलं, कारण त्याला हमखास डोळे पुसले जायचे. तुम्हाला काम येत होतं, हे मात्र एकाही सभेत सांगितलं नाही.

टोकाची एक फासळी अजून उसवायची राहिली आहे. दोनदा हात नेला आणि परत घेतला. शनिवार जवळ आला आहे. सुतळीचं टोक मी मोकळं करून पंखाच्या पलीकडे, तुमच्या बाजूला ठेवलं आहे. बाबा, ओढा.