अर्ध्यावरची पायरी

३ ऑगस्ट, रविवार

आधी आला तो नंदीश — पुण्यात आमच्या नातीसंगं, शिवांजलीसंगं, शिकतो तो. चपला काढायच्या आतच, "आज्जी, डबी कुठाय?" पाणी न्हाय, चहा न्हाय! मागनं त्यांच्या मोठ्या म्याडम आल्या, उमादेवी. कलबुर्गीच्या निघाल्या. म्या कन्नडात बोलले तर हसल्या. एकदाच.

नात म्याडमशी भांडून, डबी उचलून घरी आलेली. डबीत पेन्सिलीच्या शिशाचे दोन पापुद्रे, एकावर एक. डोळ्याला दिसत न्हाईत! लई गार करून लोहचुंबकात ठेवले की त्यातली वीज म्हणं पायऱ्या चढती. तिसऱ्या हिश्श्यावर, पाचव्या हिश्श्यावर. पोरीला पायरी अर्ध्यावर दिसली — तिथली क्वचितच गावती. म्याडम म्हणाल्या, "तार सैल असेल." झालं! (आमच्या माळवदाच्या जिन्यालाबी अर्धी पायरी हाय. जावई दोनदा पडले.)

आज म्याडम म्हणाल्या, "एकदाच पुन्हा बघू. आली तर तुझं खरं. न्हाय तर गार करायचं मशीन दुसऱ्याला."

शिवांजली डबी आणायला आत गेली अन् किंचाळली.

म्या ती देव्हाऱ्यात ठेवलेली. झाकणावर भस्माची तीन बोटं ओढून. नांगर असो, मोटरसायकल असो — भस्माबिगर आमच्यात कामाला काढत न्हाईत! झाकण उघडलं तर भस्म आत सांडलेलं.

"हात लावू नका!" म्याडम ओरडल्या. माणसाच्या अंगातल्या विजेनंबी ते आतलं मरतं म्हणं. नंदीशनं रबरी फुग्यानं फुंकर घातली. "पापुद्र्यांवर कवच हाय. बघू."

तिघं गेले. पोरीनं माझ्याकडं बघितलं न्हाय. शेंगापोळ्या तशाच राहिल्या.

४ ऑगस्ट

सोमवारचा उपास. फोन न्हाय.

७ ऑगस्ट

नंदीशचा फोन. "आज्जी, जित्तं हाय, वीज वाहती. आता गार करतोय."

१० ऑगस्ट

त्या अर्ध्या पायरीवर बसून राहिले. चार वर्सं राबली पोरगी. माझ्या बोटांनी घालवलं तर? सून म्हणती, "आत्या, जेवा." कसलं जेवण!

१४ ऑगस्ट

फोनवर कोण रडतंय कळंना. "आज्जे, आली! अर्ध्यावरच!" मग म्याडम — "आज्जी, तार घट्ट होती."

दुसरी डबी घेऊन तिघं येत्यात. भस्म लावू का, म्या म्याडमना विचारलं. "लावा. पण ओलं."

पोळ्याला येतो म्हणाल्या. २२ तारीख, शुक्रवार.