दिव्यांच्या पोरीची कॅसेट

मी, पंढरी जिव्या भोये, वय साठ, धंदा टीव्ही दुरुस्ती, मूळ गाव दाभोसा, हल्ली मुक्काम मोखाडा, हे स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डॉक्टरांनी हृदयाची झडप निकामी होत चालल्याचं सांगितलं आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. कुणी दटावलेलं नाही, कुणी दारू पाजलेली नाही.

एक. माझी पत्नी सोमी चार वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. पुतण्या नीलेश पंचायत समितीत कारकून आहे, त्याचं बरं चाललं आहे. दाभोशाची वडिलोपार्जित भातजमीन त्याला मिळावी. मोखाड्याचं घर मी स्वकष्टानं बांधलं आहे. त्यावर त्यानं हक्क सांगू नये. सोमीच्या तेराव्याला "काका, हे डबडे टीव्ही आता भंगारात घाला" असं तो चार माणसांत म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही.

दोन. दुकानातली हत्यारं, मल्टीमीटर, जुन्या पिक्चर ट्यूबा आणि सुट्या भागांचे डबे मोबाइलवाल्या उमेशला द्यावेत. त्याला त्यातलं निम्मं लागणार नाही. तरी तो फेकणार नाही.

तीन. माझा काळा-पांढरा टीव्ही, व्हीसीआर आणि 'शुभेच्छा' असं लिहिलेली एक कॅसेट. याबद्दल सविस्तर लिहावं लागेल.

पूर्वी सणाच्या दिवशी बातम्यांच्या आधी टीव्हीवर हातानं काढलेली हलती चित्रं दाखवत. पाडव्याला गुढी आपोआप उभी राहायची, संक्रांतीला पतंग वर जाऊन त्याची अक्षरं व्हायची. रेघा थोड्या थरथरायच्या, जणू चित्र श्वास घेतंय. मागे सनई. अर्ध्या मिनिटाचा खेळ, पण दाभोशाच्या ग्रामपंचायतीतल्या एकुलत्या टीव्हीपुढे त्यासाठी सगळा गाव बसायचा. मी ती चित्रं पुढे कॅसेटवर भरून घेतली. आजही दिवाळीत शेजारची माणसं येतात आणि म्हणतात, "पंढरीमामा, जुनं लावा."

दिवाळीच्या चित्रात एक मुलगी होती. डावीकडून यायची, हातात ताट. पायऱ्यांवर चार पणत्या ठेवायची, वेणी उडवत उजवीकडून निघून जायची. मग अक्षरं उमटायची. आमच्याकडे तिला दिव्यांची पोरगी म्हणत.

१९८६ ची दिवाळी. मी एकवीस वर्षांचा, बहीण फागी सात वर्षांची. चित्र संपलं तशी तिनं माझी बाही ओढली.

"दादा, ती कुठं गेली?"

"घरी."

"घर कुठं तिचं?"

मी थट्टेनं म्हणालो, "नदीवरच्या कड्यामागं. सकाळी उन्हात बसते तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फागी ताटात पणती घेऊन निघून गेली. तिसऱ्या दिवशी ती खालच्या डोहात सापडली. एकाच पायात चप्पल होती.

त्या सकाळी वाटेवर तिला शेवटचं पाहिलं ते बारक्या वाघनं, आमच्या म्हशी राखणाऱ्यानं. तो सगळ्यांपुढे सांगत होता, "पोर मला दिव्यांच्या पोरीचं घर विचारत होती. मी तिला माघारी धाडली." कुणाला ते पटलं नाही. माझा बाप म्हणाला, "चित्रातल्या पोरीला घर असतं का रे? तूच नेलीस तिला." त्या गर्दीत बारक्या खरं बोलतोय हे एकट्या मला माहीत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो.

त्याला गावात कुणी काम दिलं नाही, विहिरीवर येऊ दिलं नाही. दोन वर्षांनी तो बायको रामी आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा घेऊन वीटभट्टीवर गेला. तिथेच तापानं मेला.

आता कॅसेटचं. पुढच्या वर्षी दिवाळीला तेच चित्र लागलं. मुलगी आली, पणत्या ठेवल्या, गेली. तिच्या मागून आणखी एक मुलगी चालत गेली. तिच्याहून लहान.

मला वाटलं चित्र बदललं. शेजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, एकच तर आहे. पुढे टीव्हीचं काम शिकलो ते याच कारणानं. डोंगरावर आदळून लहरी उशिरा आल्या की पडद्यावर दुहेरी चित्र पडतं, त्याला आम्ही सावली म्हणतो. मी स्वतःला तेच समजावलं. पण सावली मापाला मूळ चित्राएवढीच असते आणि मूळ चित्राबरोबरच हलते. ही लहान होती आणि आपल्या चालीनं चालायची. कॅसेटवर तर एकदा भरलं तेच दिसतं. तरी कॅसेट जितक्यांदा लावली तितकी ती जास्त रेंगाळत गेली. सोमीला दाखवली. ती म्हणाली, "अहो, एकच पोरगी आहे. तुम्ही डोळे दाखवून घ्या." मी चष्मा घेतला.

मागच्या दिवाळीत करिष्मा वाघ आजीच्या टीव्हीचा रिमोट घेऊन दुकानात आली. ती इथे नर्स आहे. भर दुपार होती, कॅसेट चालू होती. ती सहज बघत उभी राहिली.

"मामा, ही मागची लहान कोण?"

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"हिच्या एकाच पायात चप्पल काढलीय. चित्रकार विसरला वाटतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ही जात का नाही?"

खरंच जात नव्हती. ताटवाली केव्हाच निघून गेली होती, अक्षरं येऊन गेली होती, सनई थांबली होती. ती पायरीवर उभी राहून आमच्याकडे बघत होती. कॅसेटची पट्टी संपेपर्यंत.

मी करिष्माला तिच्या आजीचं नाव विचारलं. ती म्हणाली, "रामी."

चार. म्हणून मोखाड्याचं घर आणि बँकेतली शिल्लक करिष्मा वाघ हिला मिळावी. हे दान नाही. नीलेशनं तिला काही विचारू नये, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पाच. हे सगळं माझ्या मागे दाभोशाला वाचून दाखवावं, असं मी आधी लिहिलं होतं. ते कलम रद्द. मसुदा घेऊन मी रामीबाईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी वाचत गेलो, त्यांचा हात चालू राहिला. बारक्याचं नाव आलं तिथं थांबला.

"मेल्यावर वाचायचं?" त्या म्हणाल्या. "तवा तुला कोण काय बोलणार? माझा माणूस तर जिता असून ऐकत होता."

मी म्हणालो, "घर करिष्माच्या नावावर करतो."

"तिचं ती बघंल. मला घर नको. गावात जा. तोंडानं सांग."

रविवार, ११ जानेवारीला सकाळी दाभोशाच्या शाळेच्या ओसरीवर मी हे मोठ्यानं वाचलं. वीस-पंचवीस माणसं होती. पांड्या, ज्यानं बारक्याला विहिरीवरून हाकललं होतं, आता ऐंशीचा आहे. तो म्हणाला, "आता कशाला उकरतोस?" मी पुढे वाचत राहिलो. माझ्याबरोबर आलेल्या रामीबाई जीपमधून उतरून शेवटपर्यंत उभ्या होत्या.

सहा. टीव्ही आणि व्हीसीआरसह कॅसेट करिष्माकडे राहावी. पुसू नये, विकू नये. लावायची झाली तर दिवसा लावावी, आणि ती लहान मुलगी चित्राबाहेर जाईपर्यंत टीव्ही बंद करू नये. कितीही वेळ लागो.

सात. माझ्या मागे तेराव्याचं जेवण घालू नये.

आज सह्यांसाठी शिक्षिका ममताबाई आल्या. दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. रामीबाई स्वतः आल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "माफ काही करत नाही. पण तू गावात बोललास ते मी ऐकलं. त्याचा अंगठा देते."

ठिकाण: मोखाडा, जिल्हा पालघर
तारीख: १९ जानेवारी २०२६

लिहिणार व देणार: पंढरी जिव्या भोये (सही)

सही आमच्या डोळ्यांसमोर झाली:

१. ममता तुका मौळे, शिक्षिका (सही)

२. रामी, बारक्या वाघची बायको. डाव्या हाताचा अंगठा. नाव असंच लिहावं, असं त्यांनी सांगितलं.