चारही कॅमेरे ऑनलाइन

५ जानेवारी २०२५, रविवार. गाव. सकाळी १०.

नव्या वर्षाचा संकल्प: महिनाअखेरपर्यंत अण्णांचं घर शंभर टक्के कव्हर. चार कॅमेरे. फाटक, ओसरी, माजघर, मागचं अंगण. सगळे वायरलेस. त्यांना सिग्नल पुरवायला मेश वाय-फाय, म्हणजे एकमेकांना हात देणारे तीन डबे, त्यांना नोड म्हणतात. शिरवळला अख्ख्या प्लँटचा मेंटेनन्स माझ्या एकट्याच्या डोक्यावर चालतो, हे तर चार खोल्यांचं घर. दुपारी एकपर्यंत काम संपवून अण्णांशी निवांत गप्पा.

आई जाऊन दोन वर्षं झाली. अण्णा एक्क्याऐंशीचे. राजेश्वरीचं, म्हणजे माझ्या बहिणीचं म्हणणं की त्यांच्यापाशी कोणीतरी असायला हवं. मीसुद्धा तेच म्हणतो. फक्त आधुनिक पद्धतीनं म्हणतो.

संध्याकाळी ६.

मागची भिंत दीड हात रुंद, दगडी. सिग्नल तिच्यातून जात नाही. परसातल्या पत्र्यावरून उलटा फिरतो. आधीच्या पिढीनं बांधकाम करताना काही विचारच केलेला नाही. गप्पा राहिल्या. पुढच्या खेपेला.

८ जानेवारी, बुधवार. शिरवळ.

माजघराचा कॅमेरा सकाळपासून चौदा वेळा ऑफलाइन. जेवणाच्या सुट्टीत अण्णांना फोन लावला, डब्यावरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे ते विचारलं. म्हणाले, "मगाशी हिरवा हुता. मग मनूनं मिक्सर लावला."

मनुबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जाते. तिनं शेंगदाण्याचं कूट करायला माझ्या नोडचा प्लग काढला होता. तिला फोनवर घेऊन स्पष्ट सूचना दिली, हा प्लग कोणत्याही परिस्थितीत काढायचा नाही. म्हणाली, "मग कूट कशात करू? तुमच्या डब्यात?" या बाईचा टोन मला पहिल्यापासून आवडत नाही.

१२ जानेवारी, रविवार. गाव.

तीन तास गाडी चालवत आलो. चॅनल बदललं. कॅमेऱ्यांना स्लो पण लांब पोचणारा बँड वेगळा काढून दिला. नोड खाली ठेवणं ही मूळ चूक होती, तो उंचावर हवा. अण्णांनी ओसरीत स्वतःच्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली होती. चांगली मजबूत निघाली. तिच्यावर चढून नोड तुळईला ठोकला.

अण्णा खालून म्हणाले, "वीरू, खाली बसून च्या तरी घे." वरच घेतला. वेळ वाचला.

सिग्नल सुधारला. जाताना राजेश्वरीनं पाठवलेली जवसाची चटणी अण्णांनी बळंच डब्यात घालून दिली. राजेश्वरी दर पंधरा दिवसांनी सांगलीहून एसटीनं येते, दिवसभर बसते, जाते. जाण्यायेण्यात तिचा किती वेळ जातो याचा तिनं कधी हिशेब केलाय असं वाटत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार. शिरवळ.

फॉल्स अलर्टनी हैराण. रोज संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी ओसरीचा कॅमेरा 'व्यक्ती दिसली' म्हणून कळवतो. उघडून बघावं तर अण्णा. इतके जवळ की स्क्रीनभर नाकच. म्हणतात, "वीरू, आलास का रं कामावनं? च्या घेतलास का?" आणि मग उत्तराची वाट बघत तसेच उभे. दोन-दोन मिनिटं. तेवढी सगळी क्लिप अपलोड होते आणि त्या वेळात मागचा कॅमेरा अडकतो. गडबडीचं मूळ हे होतं तर!

अण्णांना फोनवर समजावलं की कॅमेऱ्यापुढं उभं राहू नका. म्हणाले, "मग बोलायचं कुठनं?" म्हटलं, फोन आहे की. म्हणाले, "फोन तू उचलत न्हाईस." वस्तुस्थिती वेगळी आहे, मी मीटिंगमध्ये असतो. कधीतरी सविस्तर सांगेन.

निर्णय: चारही कॅमेऱ्यांचा आवाज बंद. चित्र महत्त्वाचं. आवाजानं उगाच भार वाढतो.

१९ जानेवारी, रविवार.

रेश्मा म्हणाली, आज अण्णांकडे सगळेच जाऊ, मुलांनाही घेऊ. नको म्हटलं. चार माणसं म्हणजे चार फोन, सगळे नेटवर्कला चिकटणार, टेस्टिंगचे आकडे बिघडणार. बायको काही बोलली नाही. पटलं असावं.

२६ जानेवारी, रविवार. गाव.

चोर सापडले!

राउटरची यादी उघडली. चार कॅमेरे आणि अण्णांचा फोन सोडून अकरा अनोळखी फोन. ओसरीची, आवाज बंद करण्याआधीची जुनी क्लिप काढली. रोज दुपारी चारनंतर आठ-दहा म्हातारे येऊन बसतात आणि मोबाइलवर कुस्त्यांची मैदानं लाइव्ह बघतात. माझ्या सिग्नलवर! मधे अण्णा. पट कसा काढायला हवा होता ते शेजाऱ्याच्या मांडीवर हात मारून सांगताहेत. मला त्यांनी गेल्या दोन वर्षांत एकदाही इतकं काही सांगितलेलं नाही.

अण्णांना विचारलं, पासवर्ड कोणी दिला? त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं. खडूनं लिहिलेला. मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्यांना दिसावा म्हणून. म्हणाले, "आरं, माणसं येत्यात. त्येवढंच."

सगळ्यात मोठा गुन्हेगार रमजानचाचा. गावातला गाद्या भरणारा, अण्णांचा तालमीपासूनचा दोस्त. तो तर सकाळी सातलाच फाटकातून अण्णांना हाळी मारतो, "नाथाजी, हायस का रं?" ओसरीत बसून मुलीला, नूरजहांला, व्हिडिओ कॉल लावतो. ती पुण्यात नर्स आहे, ड्युटीवर जायच्या आधी बोलते. मग अण्णांबरोबर चहा पिऊन जातो. व्हिडिओ कॉल! सकाळच्या वेळी माझा मागचा कॅमेरा का मरतो ते आता कळलं.

दुपारी ४. कारवाई पूर्ण. पासवर्ड बदलला. नेटवर्कचं नाव लपवलं. आता फक्त कॅमेरे. अण्णांचा फोनही काढला, त्यांना नेट हवंय कशाला? चौकट ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

म्हातारे आले. फोन वरखाली करून बघितले. पायानं अधू आकाराम पायरीवर उभा राहून म्हणाला, "गड्या, आज मैदान लागंना झालंय." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यांना सुरक्षेचं महत्त्व समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. उठून गेले. चहाचं आधण चुलीवर तसंच राहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार. शिरवळ.

चौदा दिवस. एकही ड्रॉप नाही! सुरुवातीला कोंबड्या आणि वाळत घातलेली धोतरं अलर्ट देत होती, म्हणून हालचाल टिपायची सेन्सिटिव्हिटी कमीवर आणली. ओसरी दिवसभर रिकामी. अण्णा एकटेच फाटकाकडे तोंड करून बसलेले असतात. इतके स्थिर बसतात की कॅमेरा त्यांना माणूस म्हणून मोजतच नाही. काल दिवसभरात फक्त तीन अलर्ट. उत्कृष्ट.

गावी जायची गरज उरलेली नाही. सहा तासांची बचत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

राजेश्वरीचा फोन. अण्णांचा आवाज खोल गेलाय, भाकरी अर्धी टाकतात, ओसरीत चिटपाखरू येत नाही, तू काय केलंस? मी तिला चॅनल, बँड, भार सगळं शांतपणे समजावलं. ती म्हणाली, "दादा, तू अण्णांना बघतोस की कॅमेऱ्यांना?"

प्रश्नच चुकीचा. दोन्ही एकच आहे.

संकल्प: या सिस्टीमवर कंपनीच्या सुधारणा स्पर्धेत प्रेझेंटेशन द्यायचं. विषय: 'अंतरावरून वृद्धांची काळजी'.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.४०.

प्रेझेंटेशन झकास झालं. शेवटी मोठ्या पडद्यावर अण्णांचं घर लाइव्ह दाखवलं. चार चौकोन, चार हिरवे ठिपके, चित्र कुठंही अडकलं नाही. क्वालिटीच्या जीनत मुल्ला म्हणाल्या, "वडील कुठं दिसत नाहीत?" म्हटलं, आंघोळीला गेले असतील, न्हाणीघरात मी मुद्दाम कॅमेरा लावलेला नाही, प्रायव्हसीचा विचार केलाय. टाळ्या पडल्या.

सकाळी १०.३५.

मनुबाईचा फोन. अण्णा न्हाणीघरात पडलेत. उठता येत नाही. ती सव्वादहाला स्वयंपाकाला आली तेव्हा आतून विव्हळणं ऐकू आलं. रमजानचाचा आणि आकाराम जीपमधून त्यांना सांगलीला नेताहेत.

निघतोय.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सांगली, हॉस्पिटल.

खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन.

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होते? राजेश्वरी नुसती रडत होती. मनुबाईला माहीत नाही. मी फोन काढून अचूक सांगितलं. सहा बावन्नला माजघरातून बाहेर, सहा चोपन्नला न्हाणीघराचं दार लागलं, दहा पंधराला मनुबाई. तीन तास एकवीस मिनिटं. डॉक्टर लिहायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. इतकी नेमकी माहिती त्यांना क्वचितच मिळत असणार. राजेश्वरी खोलीतून उठून गेली.

बाहेर बाकावर रमजानचाचा होते. कालचेच कपडे. म्हणाले, "वीरूभाऊ, सातला मी रोज असायचोच की वो. पोरीला फोन लावायला. नेट गेलं तवापास्नं…" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "च्यासाठी तरी यायला पायजे हुतं मी. पर तुमी घर बंद केल्यागत वाटलं."

मी त्यांना व्हिडिओ कॉलचा भार कसा पडतो ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. "खावा कायतरी. सकाळपास्नं न्हाई खाल्लं तुमी."

दुपारी ३.

मागच्या अंगणाची क्लिप उघडली. न्हाणीघराचं बंद दार. पत्र्याची सावली सरकते. एक कोंबडी येते, जाते. सात वाजून अकरा मिनिटांनी दार खालच्या बाजूनं हललं. आठ वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा हललं, थोडंसं. त्यानंतर नाही. आवाज नाही, आवाज मीच बंद केला होता. सेन्सिटिव्हिटी कमी होती म्हणून अलर्टही नाही.

तीन तास एकवीस मिनिटांची क्लिप पूर्ण बघितली. एकदाही अडकली नाही.

सेन्सिटिव्हिटी मध्यमवर आणली.

२ मार्च, रविवार. शिरवळ.

स्पर्धेत दुसरा नंबर. सर्टिफिकेट मिळालं. रेश्माला दाखवलं. तिनं ते फ्रीजवर ठेवलं आणि त्यावर दुधाची पिशवी ठेवली.

परवा मुलांनी विचारलं, आजोबांना भेटायला कधी जायचं? म्हटलं, इन्फेक्शनचा धोका असतो. रेश्मा दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन एसटीनं सांगलीला जाऊन आली. मला संध्याकाळी कळलं.

१६ मार्च, रविवार. सांगली.

अण्णा आता राजेश्वरीकडेच राहणार. ठरवलं कधी, कुणी, मला कुणी विचारलं नाही. एक जादा नोड आणि नवा कॅमेरा घेऊन गेलो होतो. तिचं घर लहान, एकाच नोडमध्ये काम भागलं असतं. ती दारातच म्हणाली, "ते खोकं गाडीत ठेवून ये." ठेवून आलो.

अण्णा खाटेवर. वाळलेत. मी शेजारी बसलो. हवामानाचं विचारलं. म्हणाले, "ऊन हाय." पलीकडे राजेश्वरी भाकरी थापत होती, तेवढाच आवाज.

शेवटी फोन काढला आणि त्यांना गावाकडचं घर लाइव्ह दाखवलं. आता आवाजही चालू केलाय. अण्णांनी चष्मा चढवला. फोन हातात धरून एकेक चौकोन नीट बघितला. फाटक. ओसरी, दोन खुर्च्या. माजघर. अंगण. मी म्हटलं, बघा, एकोणपन्नास दिवस झाले, एकदाही सिग्नल गेला नाही.

त्यांनी विचारलं, "घरात कोण हाय?"

म्हटलं, कोणी नाही. एकदम सेफ.

त्यांनी फोन परत दिला. चष्मा काढला.

"मग बंद कर की. उगा लाईट जळतीया."

आणि भिंतीकडे तोंड केलं.

साडेचारला निघालो. राजेश्वरीनं डबा दिला नाही.

बंद केलं नाही. एकदा बंद केलं की सगळं पहिल्यापासून सेट करावं लागतं.