चार लाइनी आणि एक ‘बोला’

माय,

काल आमच्या ऑफिसात नवीन फोन बसला. चार लाइनी, सहा टेबलांवर सहा फोन, आणि भिंतीवर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, तिच्यात सगळी करामत. तू असतीस तर आधी तिचं झाकण उघडून आत डोकावली असतीस आणि म्हणाली असतीस, "एवढीशीच काय?" तुझं टेलिफोन एक्सचेंजमधलं बोर्ड आपल्या स्वयंपाकघराची अख्खी भिंत व्यापेल एवढं होतं. घरी सांगायला गेले तर पोरगी म्हणते, "आई, फोनच तर आहे, त्यात काय एवढं?" तिला काय कप्पाळ कळणार! तुला कळलं असतं. तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी फोनच्या गोष्टीत मला अजून तूच आठवतेस, म्हणून तुलाच लिहून राहिले.

आधी ऑफिसाचं सांगते, कारण ते तू पाहिलं नाहीस. आलापल्लीतच आहे, बसस्टँडपासून चालत पाच मिनिटं. जंगलातल्या गावांमधल्या बायांचे गट मोह, हिरडा, चारोळी, मध गोळा करतात, आणि आम्ही ते सगळ्यांचं मिळून एकत्र विकतो, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्यापुढे कोणाला मान खाली घालावी लागत नाही. माल वाळून तयार झाला की गावातून फोन येतो आणि आमची गाडी निघते. सारा कारभार त्या फोनवर. आणि तो फोन कसा येतो, ऐक. गावात टॉवर मिळत नाही. गटातली एखादी बाई टेकडी चढते, एका ठराविक मोहाच्या झाडाखाली उभी राहते, तिथे रेंज येते. दोन मिनिटं मिळाली तर मिळाली. आमच्याकडे एकच लाइन होती, सीझनमध्ये ती सारखी एंगेज. बाई टेकडी चढायची, टूं-टूं ऐकायची आणि उतरायची. मला राग यायचा, माय, स्वतःच्याच ऑफिसाचा राग यायचा. बैठकीत मी टेबलावर हात आपटून म्हणाले की या वर्षी काही होवो, फोन मोठा घ्यायचा. मी या ऑफिसची मॅनेजर आहे, हे तुला सांगायचं राहिलंच.

फोन म्हटलं की मला एक्सचेंजची ती खोली दिसते. मी शाळेतून थेट तिथे येते, दप्तर कोपऱ्यात टाकते आणि तुझ्या स्टुलाजवळ जमिनीवर बसते. तुझ्या कानाला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या. कुणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नंबरावरचं पितळी झाकण खट्‌ करून पडतं, आणि ते पूर्ण पडायच्या आत तुझी दोरी भोकात गेलेली असते. "बोला." बस, एवढंच. ना हॅलो, ना कोण पाहिजे. तुझ्या त्या ‘बोला’त असं काही होतं की चिडलेला साहेबही जरा नरम व्हायचा. मी एकदा विचारलं होतं, एवढी घाई काऊन करतं? तू म्हणालीस, "अवं, तिकडं माणूस उभा असते. आपल्याले झाकण दिसते, माणूस नाई दिसत, म्हून का त्याले उभा ठेवाचं?" आणि जोडणी झाली की तू बोर्डावरची किल्ली फिरवून कान काढून घ्यायचीस. गावातल्या अर्ध्या भानगडी तुझ्या हातातून गेल्या, पण घरी कधी एक शब्द आणला नाहीस. बाबा चिडवायचे, "काहीतरी सांग ना बाप्पा!" तू पोळी लाटत राहायचीस.

त्या नोकरीत तुला एकच मेमो मिळाला. शाळेतल्या मास्तरांनी तक्रार केली होती. त्यांचा भाऊ चंद्रपूरच्या दवाखान्यात होता, त्यांना ट्रंक कॉल लावायचा होता, आणि ते म्हणाले की ऑपरेटर बाईनं सरळ सांगितलं, ‘आत्ता नाही, नंतर करा.’ त्यात त्यांचा अर्धा दिवस गेला. तू साहेबांपुढे उभी राहून म्हणालीस, "मी असं बोलतच नाई, साहेब." मास्तर म्हणाले, "आवाज तुमचाच होता, बाई." मास्तर खोटं बोलणारे नव्हते, हे तुलाही ठाऊक होतं. त्यानंतर पाण्याचा तांब्या तू बोर्डाजवळच ठेवायला लागलीस. ड्युटी संपेपर्यंत पाणी प्यायलाही उठायची नाहीस. लोक कौतुकानं सांगायचे, बाई जागची हलत नाही.

आता आमच्या फोनचं. चंद्रपूरहून कंपनीचा माणूस आला. गुळगुळीत बोलणारा, बूट चकचकीत. त्यानं दोन प्रकार दाखवले. एकात पेटी, लाइनी आणि सगळ्या टेबलांवर घंटी, फोन माणसानंच उचलायचा. दुसऱ्यात रेकॉर्ड केलेला आवाज. मोहासाठी एक दाबा, गाडीसाठी दोन दाबा, हिशेबासाठी तीन. "मॅडम, यात फोन उचलायला माणूस लागतच नाही. मोठमोठ्या ऑफिसात हेच आहे." मला ते ‘मोठमोठ्या ऑफिसात’ लागलं बघ. आमच्याकडे फोनवर एक बाई आहे, माडिया आहे, गोंडी, मराठी आणि तेलुगू तिन्ही बोलते. मी मनात तिला मोजणीच्या कामावर बसवूनसुद्धा टाकलं. कंपनीचा माणूस म्हणाला, आठवडाभर वापरून पाहा, मग ठरवा. आवाज कोणाचा भरायचा? सगळे म्हणाले, तुमचाच. मीही मोठ्या तोऱ्यात बोलले, आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या गोंडीत. फोनवरची बाई एवढंच म्हणाली, "बाई, लोकं दाबतीन काय?" मी म्हटलं, शिकतील. तुझी पोरगी आहे, हट्टी.

पाच दिवस काय शांत गेले! ना एंगेज, ना कटकट. भर मोहाचा सीझन आणि ऑफिसात पंख्याचा आवाज ऐकू येतो. मी सगळ्यांना सांगत सुटले, पाहा, याला म्हणतात व्यवस्था. कंपनीच्या माणसाला होकार कळवायचं पत्रसुद्धा मी टाइप करून ठेवलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी एक म्हातारी आली. भामरागडच्या वाटेवरच्या एका गावाच्या गटाची प्रमुख. आधी पायी, मग जीप, मग बस. जोहार केला, पाणी प्याली, आणि अगदी सावकाश विचारलं, "बाई, गाडी काऊन नाई आली?"

मी म्हटलं, "तुमचा फोन कुठी आला, मावशी?"

"केला ना. तुमीच तं उचलला. म्या समदं सांगतलं, किती पोते भरले, कोण्या वाटेनं गाडी आणाची, नाल्याचा पूल तुटला हाय. तुमी मधामधात बोलत होते, मले वाटलं लिहून घेऊन राह्यले. म्या डबल सांगतलं. मंग तुमी धन्यवाद म्हणलं, अन् फोन ठेवला."

माय, त्या मशीनच्या शेवटी मी काय भरलं होतं, माहीत आहे? ‘आपण कोणताही आकडा दाबला नाही. फोन केल्याबद्दल धन्यवाद.’ मी मोठमोठ्यानं सांगू लागले की मावशी, ती मी नव्हते, मशीन होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मीच काहीतरी लपवते आहे अशी शंका होती. मग म्हणाली, "आवाज तं तुमचाच होता."

फोनवरच्या बाईनं लगेच बाकीच्या गावांना फोन लावायला घेतले. ज्या ज्या बाया तेव्हा टेकडीवर रेंजमध्ये सापडल्या, त्या सगळ्यांचं हेच. सगळ्यांनी मला निरोप सांगितला होता, आणि मी सगळ्यांना धन्यवाद म्हणाले होते.

मी म्हातारीला घेऊन लगेच आमच्या गाडीनं तिच्या गावी गेले. नाल्यातून गाडी काढताना ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. गावच्या गोटुलापुढे, सारा गाव जमतो त्या घरापुढे, पोती रचून ठेवलेली, वरून ताडपत्री, कारण दोन दिवसांपासून आभाळ भरून येत होतं. गटातल्या बाया आलटून पालटून राखण करत होत्या. मधल्या दिवसांत व्यापारी दोनदा ट्रक घेऊन येऊन गेला होता. त्याला त्यांनी काय सांगून परत पाठवलं, ऐक. "आमच्या बाईनं हो म्हणलं हाय." आलेला ट्रक परत पाठवला, माय, माझ्या एका रेकॉर्डिंगच्या जोरावर! मी तिथेच खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली, खूप लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, अभिमानानं ऊरही भरून आला. माझ्या आवाजावर एवढा विश्वास कोणी ठेवावा, असं मी काय केलंय आयुष्यात? मी हात जोडले आणि चुकले म्हणाले. म्हातारीनं मला उठवलं आणि म्हणाली, "चाला, पोते चढवा आता, पाणी येते."

दुसऱ्या दिवशी मी ते टाइप केलेलं पत्र फाडलं. कंपनीच्या माणसाला सांगितलं, पहिल्या प्रकारची पेटी दे. त्यानं पुन्हा ‘मोठमोठ्या ऑफिसात’ सुरू केलं. मी म्हटलं, "बाबू, मोठ्या ऑफिसाले टेकडी नाई चढा लागत. आमच्या लोकायले लागते." मग मीच त्याला एकेक गोष्ट लिहून दिली, आणि तुझी शपथ, ते लिहिताना मला तुझ्या त्या खोलीतला तेलाचा आणि पितळेचा वास आला. दोन लाइनी वायरीच्या, दोन मोबाइलच्या सिमच्या, म्हणजे रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली तरी ऑफिस मुकं होणार नाही. लाइट गेली तर बॅटरी. पहिली घंटी फोनवरच्या बाईकडे, ती बोलत असेल तर सगळ्या टेबलांवर, जो जवळ असेल त्यानं उचलायचा, मग ती मी का असेना. होल्डवर ठेवून गाणं वाजवायचं नाही. कॉल मध्येच तुटला तर नंबर दिसेल, तो गटाच्या वहीत शोधून आपण उलटा लावायचा. आणि उचलल्यावर काय म्हणायचं, हेही मी ठरवून दिलं. फोनवरची बाई हसली, म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. कालपासून आमच्या ऑफिसात सहा टेबलांवर तुझं ‘बोला’ ऐकू येतं. तिचं गोंडीतलं तर माझ्यापेक्षा कितीतरी गोड आहे.

तू मशीनच्या विरोधात नव्हतीस, हे मला आठवतं. एक्सचेंज आपोआप चालायला लागलं, तुझं बोर्ड उचलून नेलं आणि तुला बिलाच्या खिडकीत बसवलं, तेव्हाही तू म्हणालीस, "बरं झालं, लोकायचा टाइम वाचला." मला रडू येत होतं आणि तू बांगड्या मागे सारून नव्या टेबलाचा ड्रॉवर पुसत होतीस. अशी माझी माय, असं मी अजून चार लोकांत मिरवते.

हे पत्र कुठे टाकणार? पेटीच्या खोक्यात गॅरंटीचं कार्ड ठेवलंय, त्याच्याखाली ठेवून देते. पण म्हातारीचं ते ‘आवाज तं तुमचाच होता’ ऐकल्यापासून एक गोष्ट तुला सांगायची आहे. त्या दुपारी तू पाणी प्यायला मागच्या पडवीत गेली होतीस. झाकण पडलं होतं. मी दहा वर्षांची होते. मी तुझा हेडफोन कानाला लावला, तुझ्यासारखी दोरी घातली, अगदी तुझ्या आवाजात ‘बोला’ म्हणाले, आणि पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून म्हणाले, "आत्ता नाही, नंतर करा." मास्तर खरंच बोलत होते, आणि तूही. तू इतकी वर्षं त्या स्टुलाला खिळून बसलीस, आणि मी तुला कधी सांगितलं नाही.