कुलपाचा बडग्या

११ ऑगस्ट
स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजवर — सायकलच्या चाकावर चालणारा धान उफणायचा पंखा, शाळेची घंटा, सासऱ्याची कवळी (बसली नाही, पण दात मोजून बरोबर होते), पोळ्यानंतर जाळायचे एकोणीस बडगे, आणि टीबी प्रकल्पातल्या रंजिताची पेटी. गुरू कोणी नाही.

प्रकल्पाला पैसा अमेरिकेचा, म्हणून पेटीवर अमेरिकेचा झेंडा. तोही मीच काढला. तेरा पट्टे, पन्नास चांदण्या. प्रकल्पाचे साहेब म्हणाले, इतक्या कोण मोजतो? मी मोजतो!

आता अमेरिकेने परदेशी मदतीचं स्वतःचं सरकारी खातंच बंद केलं. रंजिताची नोकरी गेली. झेंडा खरवडून पेटी मला परत! टीबीच्या गोळ्या आपल्या सरकारच्या, त्या दवाखान्यात मिळतात. पण त्या घशाखाली उतरतात का, हे दारोदार जाऊन बघणारी तीच. शेजारचा दुधराम — माझ्या बडग्यांचे बांबू चिरून देतो — तिच्या धाकानेच गिळतो. गोळ्यांच्या सहा महिन्यांपैकी दोन झालेत.

मी विरोध करणार.

१३ ऑगस्ट
तहसिलीत निवेदन दिलं.
"कोणाच्या विरोधात?" बाबू.
"अमेरिकेच्या."
"तिथलं काम इथं नाही होत, काका."
काका! स्वतःचे केस रंगवलेले. पोच दिली, शिक्का उलटा. सरळ मारून घेतला.

१६ ऑगस्ट
यंदाचा बडग्या ठरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची रोगराई पुतळ्यावर लादून वेशीबाहेर जाळतो आपण. मग यंदाची रोगराई म्हणजे ते बंद पडलेलं खातं. म्हणजे कुलूप! नऊ फूट उंच, किल्लीचं भोक आरपार.

मंडळाचा अध्यक्ष विक्की आला. "अमेरिकेनं आपल्या मालावर टॅक्स लावला ना भाऊ! अमेरिकेचा पुतळा बनवा."
"अमेरिका जायला नको, राहायला पाहिजे."
"तुमी कोनाकडून हाव?"
"ते कुलपाकडून हायेत," बायको आतून.

१९ ऑगस्ट
कुलपाची कडी तिरपी. पुन्हा वाकवली.

२३ ऑगस्ट
मिरवणूक. गावातलं दारूचं दुकान उन्हाळ्यापासून बंद आहे. पिणाऱ्यांना वाटलं, कुलूप त्याचंच! माझ्यामागे ही गर्दी — "खोला! खोला!" थांबवून समजावलं, हे परदेशी मदतीसाठी आहे. एक म्हणाला, "देशी नसंल तं परदेशी चालंल."

कुलूप झकास जळलं. भोक शेवटपर्यंत गोल होतं.

२५ ऑगस्ट
दुधरामला गोळ्यांचं विचारलं. बंद! मी कुलूप बांधायला घेतलं तेव्हापासून बंद.
"काऊन गा?"
"तुमी लढून राहिले, मंग मी काई बसून राहू? रंजिताबाई येतवरी एक गोळी नाही खात."
पाकीट शोधून गोळी पुढे धरली. त्याने तोंड फिरवलं.
"फितूर झाले का, भोजराजभाऊ?"
मग खोकला. थांबेचना. अख्ख्या आंदोलनात मला खरा कार्यकर्ता मिळाला तो हा एकच!

२६ ऑगस्ट
रंजिता आता तालुक्याला, गोरेगावला साडीच्या दुकानात आहे. गेलो, सगळं सांगितलं. आधी हसली. मग हातातली साडी खाली ठेवली. "इतका खंड? आधी डॉक्टरकडे न्या, काका. मनानं सुरू नका करू."
हिचं काका चालतं.

डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर दुधराम येईना. "निवेदनावर सही करायची आहे," म्हणालो. तेव्हा सदरा घालून निघाला. तपासलं. त्याच गोळ्या, परवापासून, चुकवायच्या नाहीत.

२७ ऑगस्ट
पेटीवर झेंडा पुन्हा काढला. चांदण्या सुईच्या टोकाने.

२८ ऑगस्ट
साडीचं दुकान उघडण्याआधी रंजिता आली, माझ्याकडची पेटी घेऊन. दुधराम खाटेवर उठून बसला. झेंडा बघितला.
"अमेरिका वाकली?"
"वाकली."
"कुलपानं?"
"कुलपानंच."
गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवलं. ती रोज येणार म्हणाली. तो दुपारपर्यंत गावभर सांगून आला.

दुसरं निवेदन लिहून तयार होतं. फाडलं. उघडलेलं खातं उघडा, असं कसं म्हणणार? अक्षर फार सुंदर आलं होतं.

३० ऑगस्ट
विक्की आला होता. टॅक्स लागू झाला, तहसिलीसमोर अमेरिकेचा पुतळा जाळायचाय, मीच करून द्यावा. पण अमेरिका अजून चार महिने वाकलेली राहायला पाहिजे. नाही म्हणालो. एकवीस हजार देत होता.